पाण्यातली ठेव

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, रोगराई घेऊन जाणारी म्हणून मिरवत नेतात तो मोठा पुतळा. महाल भागात आमच्या गल्लीच्या तोंडावरून मिरवणूक जायची तेव्हा आम्ही पोरं घसा बसेस्तोवर ओरडायचो, "ईडा पीडा घेऊन जाऽऽ गे मारबत! खोकला-ताप घेऊन जाऽऽ गे मारबत! डास-ढेकूण घेऊन जाऽऽ गे मारबत!" मारबत खरोखरच डास नेते, अशी माझी खात्री होती. मी सहावीत होते त्या वर्षी मारबतीला आठवडा झाला नसेल, आणि एका दुपारी महानगरपालिकेचा माणूस सायकलच्या हँडलला बादली अडकवून वाड्यात आला. त्यानं विहिरीवरची जाळी सरकवली, बादलीत गाळणी बुडवली आणि दहा-बारा मासे विहिरीत सोडले.

"गप्पी मासे आहेत जी, आजी. डासाच्या अळ्या खातात."

आजीनं वाकून बादलीत पाहिलं. "आन् हे स्वतः किती होतीन?"

तो हसला. "महिन्याभरानं पाहा नं."

आजीला तेवढ्यानं समाधान झालं नाही. तिनं त्याच्याकडून एक मासा मागून घेतला आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला. रंगीत शेपटीचे चिमुकले मासे मला हवे होते, पण तिनं उचलली ती राखाडी, जाडसर, पोट फुगलेली. म्हणाली, "हेच पाहू. हिच्या पोटात काहीतरी आहे."

माझी आजी काटोलकडची. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण गल्लीत कुणी अडली की रात्री-बेरात्री तिलाच बोलावणं यायचं. दवाखाने वाढले तसं ते बोलावणं थांबलं, तरी डोळा तोच राहिला. चालत येणाऱ्या बाईकडे नुसतं पाहून ती महिना सांगायची. त्याच डोळ्यानं ती बरणीकडे पाहायची. रोज सकाळी चहा झाला की पदराच्या टोकानं काच पुसायची आणि त्या मासोळीच्या पोटामागे, शेपटीच्या अलीकडे असलेल्या काळसर ठिपक्यावर बोट ठेवून म्हणायची, "आज जास्त काळं झालं. पहा बरं, डोळे दिसून राहिले."

मला तेव्हा खरंच डोळे दिसले होते. मोहरीच्या दाण्याहून लहान, काळे, चकाकते ठिपके. आईच्या कातडीतून आत बसलेली पिल्लं बाहेर पाहत होती.

पाचव्या की सहाव्या दिवशी रात्री आजीनं मला झोपेतून उठवलं. माजघरात साठचा बल्ब जळत होता आणि बरणी पाटावर ठेवली होती. मासोळी तळाशी एका कोपऱ्यात, शेपूट थरथरवत, जवळजवळ एका जागी उभी होती. मग तिच्या पोटाखालून काहीतरी गोल, मुडपलेलं बाहेर आलं. हरभऱ्याची डाळ असावी तेवढं. ते खाली पडता पडता उलगडलं, आणि उलगडलं तेव्हा तो मासा होता. पुरा मासा. डोळे, शेपटी, सगळं जागेवर. क्षणभर तळाशी पडून राहिला आणि मग आपला आपण पोहत वर गेला.

"माय वं!" आजी म्हणाली. "हे तर पोटातूनच देऊन राहिली."

मासे अंडी घालतात, असं मी तिला ऐकवलं. पुस्तकात तसंच होतं. तिनं मला गप्प केलं. पिल्लं मोजायची होती तिला. तेवीस झाली. मधे एकदा मासोळी वळली आणि आपल्याच एका पिल्लाला गिळून बसली. मी रडायला लागले. आजी रडली नाही, रागावलीही नाही. चहाच्या गाळणीनं तिनं आईला उचलून दुसऱ्या भांड्यात ठेवलं आणि म्हणाली, "भूक लागली तिले. बाळंतीण हाय."

दुसऱ्या दिवशी पिल्लं आम्ही विहिरीत सोडली. मासोळी एकटीच पुन्हा बरणीत आली. जवळजवळ महिन्यानं तिनं पुन्हा पिल्लं दिली.

हे मात्र वाड्यात कुणाच्याच पचनी पडलं नाही. नर नाही, जोडी नाही, बरणीत एकटी, मग हे आलं कुठून? शेजारच्या काकूंनी हात जोडले. आजी मात्र बराच वेळ बरणीसमोर बसून राहिली, आणि मग ती जे बोलली ते मी पुढं एम्‌एस्सीला जाईपर्यंत मनात बाळगलं: "ठेव असल तिच्यापाशी. आपण कणगीत बी राखतो नं पुढच्या सालासाठी, तसं राखलं असल पोटात."

ते तंतोतंत खरं होतं. गप्पीची मादी नराचे शुक्रजंतू अंडाशयात महिनोन्‌महिने जिवंत ठेवते. एका मीलनावर तिची अनेक वेतं होऊ शकतात. अंडाशयाच्या घडीत ते टिकून राहतात आणि दर वेताला तिथूनच अंड्यांपर्यंत पोचतात. माझ्या आजीनं एका लोणच्याच्या बरणीसमोर बसून, कणगीचा अनुभव लावून, हे ओळखलं होतं.

शाळेत दहावीला प्रजननाचा धडा होता. शाळेचं नाव इथे नको. बाईंनी पाटीवर धड्याचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "हा घरी वाचून घ्या, परीक्षेला फार येत नाही." चाळीस मुली एकमेकींकडे न बघता पुढची पानं उलटू लागल्या. घरी वाचायला घेतला तर त्यात सगळे जड शब्द होते. अंतःफलन, जननेंद्रिय, मैथुन. एकही शब्द आमच्या घरातला नव्हता. आणि घरात तर शब्दांचा दुष्काळ नव्हता. आजीच्या तोंडी गाय गाभण राहायची, म्हैस व्यायची, बाई पोटुशी असायची, अडायची, मोकळी व्हायची. गाभ हा शब्द तर आपल्याकडे किती ठिकाणी आहे. फळाचा गाभा, देवळाचा गाभारा. कोकणातल्या मैत्रिणीकडे मासळीच्या पोटातल्या अंड्यांना गाभोळी म्हणतात हे कळलं तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. आज मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. तो धडा मी कधीच घरी वाचायला देत नाही. आधी गाभण, गाभोळी, गाभारा सांगते, आणि मग अंतःफलन.

आता मुद्द्याची गोष्ट, जी मला बरीच उशिरा उमगली. माशांमधलं प्रजनन समजून घ्यायचं तर आधी पाण्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. पाणी सगळं वाहून नेतं. बहुतेक मासे अंडी आणि शुक्रजंतू दोन्ही पाण्यातच सोडतात आणि तिथं जे जुळेल ते जुळेल, असं असतं. म्हणून मोठा मासा लाखांनी अंडी घालतो. पण दोन-तीन सेंटीमीटरच्या माशाच्या पोटात लाख अंडी मावायची कुठून? त्याच्याकडे बी मोजकंच असतं. ते पाण्यात जाऊ न देणं, हीच त्याची आयुष्यभराची धडपड. इवल्या माशांच्या शरीरात जे जे आपल्याला चमत्कारिक वाटतं ते या एका अडचणीवरचं उत्तर आहे, असं मला वाटतं. "विचित्र मासा", "माशाचं अजब अंग" असे मथळे दिसले की म्हणूनच मला वाईट वाटतं. पाण्यात राहून पाहा, मग कळेल त्यात अजब काही नाही.

गप्पीचंच घ्या. पिल्लं लहान असतात तेव्हा नर-मादीचा गुदपर, म्हणजे पोटाखालचा मागचा पर, सारखाच असतो. पंख्यासारखा. नर वयात येऊ लागला की त्याच्या त्या परातले तिसरा, चौथा आणि पाचवा असे तीन काटे लांब होत जातात, एकमेकांना चिकटतात आणि पंख्याची बारीक काडी होते. टोकाला सूक्ष्म आकडे येतात. या काडीला गोनोपोडियम म्हणतात. एरवी ती मागे वळलेली असते. मीलनाच्या वेळी नर ती पुढं फिरवतो आणि पापणी लवायच्या आत शुक्रजंतूंच्या छोट्या छोट्या जुड्या मादीच्या आत पोचवतो. पाण्याचा थेंबही मधे येत नाही. पोहायला म्हणून असलेल्या पराचं हे असं हातासारखं अवयव होणं मी भिंगाखाली पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा श्वास खरोखर रोखला गेला होता.

आणि तेवढ्यानं भागत नाही, कारण मादीच्या मनाचा प्रश्न उरतोच. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की प्रत्येक गॅलरीत कूलर घरघरत असतो, आणि पावसाळ्यात तेच कूलर डासांची पाळणाघरं होतात. मी गेली कित्येक वर्षं उन्हाळा संपला की आमच्या जुन्या लोखंडी कूलरच्या टाकीत गप्पी सोडते. वाळ्याच्या ताट्या काढल्या की टाकीत वरून सरळ उजेड पडतो. त्या उजेडात नर मादीसमोर येऊन अंगाचा इंग्रजी एस अक्षरासारखा बाक करतो, शेपटी ताणतो आणि थरथरत उभा राहतो. दोन-तीन सेकंद. मादी कधी जवळ येते, बहुतेक वेळा सरळ निघून जाते. नाच जमत नाही तेव्हा काही नर मागून चोरून जवळ येतात. मादी त्यांना चुकवायला दिवसभर पळत असते, आणि ते पाहताना मला तिची दया येते. नारिंगी ठिपके जास्त असलेल्या नराकडे बऱ्याच ठिकाणच्या माद्या अधिक वळतात. पण तेच ठिपके शिकारी माशालाही दिसतात. जॉन एंडलर या शास्त्रज्ञानं त्रिनिदादच्या ओढ्यांत ही ओढाताण मोजली. जिथं शिकारी फार तिथं नर फिकट, जिथं कमी तिथं भडक. धोक्याच्या जागेतले मासे त्यानं सुरक्षित जागी नेऊन सोडले, आणि दोनेक वर्षांतच त्यांचे वंशज रंगीत होऊ लागले. 1980 साली त्यानं हे प्रसिद्ध केलं.

एक सांगून ठेवते. कूलर, हौद, बंद विहीर इथवर गप्पी ठीक. फुटाळा, अंबाझरी अशा तलावात किंवा ओढ्या-नाल्यात कृपा करून सोडू नका. हा मासा दक्षिण अमेरिकेकडचा आहे, आणि जिथं जातो तिथं आपल्याकडच्या लहान माशांचं खाणं आणि जागा दोन्ही घेतो. पोटातली ठेव घेऊन एक मादी जरी सुटली तरी पुरे.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मासेवाल्याकडे काचेच्या टाकीत तळाशी मिशा घासत फिरणारे कोरीडोरस असतात, ते तुम्ही पाहिले असतील. त्यांची रीत फारच वेगळी. मीलनाच्या वेळी मादी नराच्या पोटाला तोंड लावते आणि शुक्रजंतू चक्क पिते. ते तिच्या आतड्यातून झरझर खाली येतात, जिवंत, आणि तिनं खालच्या दोन परांची ओंजळ करून धरलेल्या अंड्यांवर सोडले जातात. जपानी संशोधकांनी 1995 साली हे दाखवून दिलं. बी पाण्यात हरवू नये म्हणून एका जिवानं आपल्या अन्नमार्गाचीच वाट करून दिली. दुसरा एक, दक्षिण अमेरिकेतला कोपेला आर्नोल्डी. ही जोडी पाण्याबाहेर उडी मारून, काठावरच्या पानाला क्षणभर चिकटून, पानाच्या खालच्या बाजूला अंडी लावते. पाण्यातले शत्रू तिथं पोचत नाहीत. पण मग अंडी सुकायची भीती. म्हणून नर खाली पाण्यात थांबतो आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत, दोन-तीन दिवस, दर थोड्या वेळानं शेपटीनं त्या पानावर पाणी उडवत राहतो. रात्री-दिवसा. मला तो कूलरच्या ताट्यांवर बादलीनं पाणी मारणाऱ्या आमच्या वडिलांसारखा वाटतो. वीज गेली की दुपारभर ते तेच करत, आम्ही झोपलेलो असू तेव्हा.

व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या खोऱ्यात एक अडीच सेंटीमीटरचा पारदर्शक मासा सापडला, 2012 साली त्याचं नामकरण झालं, फॅलोस्टेथस कुलाँग. त्याच्या कुळात नराचं मीलनाचं अंग हनुवटीखाली असतं. पोटाखालचे पर आणि त्यांची हाडं सरकून घशाशी आली आणि त्यातून हे अंग घडलं. त्याला एक आकडा असतो आणि त्या आकड्यानं नर मादीला डोक्याशी धरून ठेवतो. मादीचं द्वारही घशाशीच. सुमात्राच्या दलदलीत, चहाच्या रंगाच्या आंबट पाण्यात पेडोसायप्रिस नावाची मासोळी आहे. तिची वयात आलेली सगळ्यांत लहान मादी आठ मिलिमीटरचीही भरली नाही, आणि नराच्या पोटाखालच्या परांना धरण्यासाठी आकड्यांसारखी रचना असते. आठ मिलिमीटर म्हणजे भाताचं एक शीत. एवढ्याशा देहातसुद्धा धरून ठेवायची सोय आहे.

पण हे सगळे दूरचे. माझ्या जिवाला लागला तो आपल्याच किनाऱ्यावरचा.

1940 साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी तेव्हाच्या मुंबई प्रांतातून एका माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं. खाडीच्या मचूळ पाण्यात आणि जवळच्या गोड्या पाण्यात राहणारा, जेमतेम दोन सेंटीमीटरचा, काचेसारखा आरपार दिसणारा मासा. कच्छपासून पार तिरुवनंतपुरमपर्यंत तो आढळतो. त्यांनी नाव ठेवलं होराइक्थिस सेटनाय. त्यात दोन माणसं आहेत, मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि मुंबईच्या मत्स्य खात्याचे डॉ. सेटना. आता तो जपानच्या मेडाका माशाच्या भाऊबंदांत, ओरायझियास या वंशात धरला जातो. पुढं याच कुलकर्णींनी लोणावळ्याला महसीर माशाच्या प्रजननावर मोठं काम केलं, आणि त्यांचं नाव निघालं की बहुतेकांना महसीरच आठवतो. मला हा दोन सेंटीमीटरचा मासा आठवतो. खाडीतून जाळीनं पाणी गाळताना अळी समजून फेकून द्यावा असा जीव. त्याच्यासाठी एका मराठी माणसानं नवं कुळ मांडलं आणि त्याच्या अंगाचा काटा न्‌ काटा लिहून ठेवला.

नराचा गुदपर इथंही बदललेला आहे, गप्पीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा. पण याच्याकडे आणखी एक गोष्ट आहे. हा शुक्रजंतू सुटे देत नाही. ते एका सूक्ष्म कुपीत बंद करून देतो. कुपीच्या टोकाला गळाच्या टोकासारखे उलटे काटे असतात, त्यामुळे ती मादीच्या द्वाराशी रुतून बसते. पाण्यानं कितीही ओढलं तरी निघत नाही. मग फलन आत होतं आणि मादी फळलेली अंडी घालते.

चार वर्षांपूर्वी कोकणातल्या एका मैत्रिणीनं मला या माशांची एक नळी दिली. दारूत ठेवलेले सहा मासे. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिला काढून काचपट्टीवर ठेवला, पाण्याचा थेंब सोडला, सूक्ष्मदर्शक जुळवला. मादी होती. दारूत राहून अंग दुधाळ झालेलं, तरी पोटातली गाभोळी स्पष्ट दिसत होती, एकेक अंडं वेगळं. डावीकडे पोटाखाली इवला पर होता. उजवीकडे काहीच नव्हतं. सुईनं हलकेच उलटवताना माझ्याकडूनच तुटला असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं, एवढ्या लांबून आलेला नमुना. काचपट्टीवर तुटलेला तुकडा शोधत मी दहा मिनिटं घालवली. सापडला नाही. मग दुसरी मादी काढली. तिलाही उजवा पर नव्हता. तिसरीलाही.

रात्री मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "तुटला नाहीये. कुलकर्णींनी लिहूनच ठेवलंय. वयात आलेल्या मादीला उजवा नसतोच."

मी बराच वेळ फोन हातात घेऊन बसले होते. आपल्या मनात शरीर म्हणजे डावं-उजवं सारखं, हे किती पक्कं बसलेलं असतं. एक बाजू नाही म्हणजे काहीतरी मोडलंय, कमी आहे. आणि इथं एक मासोळी होती, जिचं एका बाजूनं मोकळं असणं हीच तिची पूर्ण वाढ. मला आजीची फार आठवण आली. ती असती तर तिनं मोडलंय म्हटलंच नसतं. आधी दुसरी पाहिली असती, मग तिसरी.

या वर्षी जुलैमध्ये प्रात्यक्षिकाला मी ती नळी वर्गात नेली. प्रत्येक गटाला एक काचपट्टी दिली आणि काहीच सांगितलं नाही, फक्त चित्र काढा म्हटलं. बाहेर पाऊस भरून आला होता, दिवे लावावे लागले. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, वर्गात कधी न बोलणारी, भिंगातून डोळा काढून मला खुणेनं बोलावू लागली.

"मॅडम, माझ्याकडून हिचा पर तुटला."

"कुठला?"

"उजवा. सॉरी मॅडम, मी हातसुद्धा नाही लावला जास्त."

मी शेजारच्या गटाची काचपट्टी तिच्यापुढं सरकवली. तिनं वाकून पाहिलं. भिंग फिरवलं, पुन्हा पाहिलं. मग डोळा न उचलताच तिनं तिसऱ्या काचपट्टीसाठी हात पुढं केला.